विश्लेषण : बाईचे गुपित, सरकारचा पगार… कॉर्नेलिया सोराबजी नक्की कोणाच्या वकील होत्या?

तपास यंत्रणांना वकिलाला समन्स पाठवून त्याच्या अशिलाविषयी माहिती मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीच्या निकालात स्पष्ट केले. प्रकरण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मधील अपवादांत बसत असेल तरच असे समन्स काढता येईल आणि त्यालाही पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागेल. या निकालातील आणखी एका मुद्द्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. कंपनीच्या पगारावर पूर्णवेळ काम करणाऱ्या वकिलांना, म्हणजे इन-हाऊस काउन्सेलना, कलम १३२ चे संरक्षण मिळणार नाही. नोकरी करणारा माणूस मालकापासून स्वतंत्र नसतो, असे त्यामागचे थोडक्यात कारण.

पगार एकाचा आणि गुपित दुसऱ्याचे, ही अडचण नवी नाही. नाशिकमध्ये जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची जवळपास वीस वर्षांची नोकरी याच अडचणीत गेली. ‘भारतातील पहिली महिला वकील’ हे स्पर्धा परीक्षेच्या गाइडमधले एका गुणाचे उत्तर सगळ्यांना पाठ असते. पण त्या कोणासाठी लढत होत्या, कोणाच्या पैशावर लढत होत्या आणि त्यांच्या अशिलांनी सांगितलेल्या गोष्टींचे पुढे काय व्हायचे, हे त्या उत्तरात मावत नाही.

कॉर्नेलिया सोराबजी कोण होत्या?

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरशेदजी हे पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना यांना लहानपणी फोर्ड या ब्रिटिश दांपत्याने वाढवले होते. त्या घरातील लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांच्यावरून मुलीचे नाव ठेवले गेले. कुटुंब काही काळ बेळगावात आणि नंतर पुण्यात राहिले. फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले. कॉर्नेलिया यांच्या एक बहीण सुसी यांनी पुण्यातच सेंट हेलेनाज ही शाळा काढली, ती आजही आहे. दुसऱ्या बहीण अ‍ॅलिस डॉक्टर झाल्या. मुलींनी शिकावे आणि काम करावे, यावर या घरात वाद नव्हता.

कॉर्नेलिया या डेक्कन कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. पदवी पहिल्या वर्गात मिळाली. इंग्लंडमध्ये पुढील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळण्याइतके गुण त्यांच्याकडे होते, पण उमेदवार स्त्री असल्याने ती नाकारली गेली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना शिकवले.

नेमक्या याच वर्षांत मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले आणि नवऱ्याने कोर्टात दावा लावला. १८८४ ते १८८८ असा तो चालला. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. शेवटी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाईंच्या मागे डॉक्टर असलेले सावत्र वडील सखाराम अर्जुन होते, मुंबई शहर होते, वकील करण्याची सोय होती आणि वर्तमानपत्रात टोपणनावाने का होईना लिहिण्याची संधी होती. यातले काहीच नसलेल्या बायकांनी काय करायचे, हा प्रश्न पुढे कॉर्नेलिया यांच्यासमोर आला.

परीक्षा दिली, पदवी मात्र तीस वर्षांनी…

शिष्यवृत्ती नाही म्हटल्यावर इंग्लंडमधील काही स्त्रियांनी वर्गणी काढली. त्यात लेडी मेरी हॉबहाऊस होत्या, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहायचे ठरवले आणि १८९२ मध्ये विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ या परीक्षेला बसू दिले. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या महिला. गुण बेताचे होते, तिसरा वर्ग मिळाला. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते. तो नियम १९२० मध्ये बदलला आणि कॉर्नेलिया यांनी १९२२ मध्ये जाऊन पदवी घेतली. परीक्षेनंतर बरोबर तीस वर्षांनी.

लंडनमध्ये ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटर फर्ममध्ये काही काळ काम शिकून त्या भारतात परतल्या. १८९६ मध्ये पुण्यात ब्रिटिश न्यायाधीशापुढे एका आरोपीच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या. हे कसे जमले? त्या काळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘प्लीडर’च्या व्याख्येत न्यायालयाच्या परवानगीने नेमलेली इतर व्यक्तीही बसत होती. त्या पळवाटेतून त्या आत शिरल्या. दारात कायम उभे राहण्यासाठी सनद हवी होती. म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली आणि १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण केली. अलाहाबादने परीक्षा घेतली, नाव मात्र नोंदवले नाही.

काठियावाड आणि इंदूर एजन्सीच्या कोर्टांत पडदानशीन बायकांची बाजू मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली. संस्थानी कोर्टांचे नमुने त्यांनी आपल्या आठवणींत रंगवून लिहिले आहेत. त्यात चक्क एका हत्तीचा खटला आहे. हत्तीच्या पोटापाण्यासाठी दिलेले दान राजाने काढून घेतले, तेच परत मिळवायचे होते. दान काढून घेणारा राजा, न्याय देणाराही राजाच. निकाल हत्तीच्या बाजूने लागला, पण त्यात कायद्याच्या युक्तिवादाचा वाटा किती आणि राजाच्या कुत्र्याला वकीलबाई आवडल्या याचा किती, हे वाचकाने ठरवावे.

पडदानशीन अशिलाची खरी अडचण काय होती?

पडदा पाळणाऱ्या बाईने घराबाहेरच्या पुरुषाला तोंड दाखवायचे नाही. वकील सगळे पुरुष. मग तिचे म्हणणे वकिलापर्यंत पोहोचवायचे कोणी? दीर, भाऊ, दिवाण, कारभारी, मुखत्यार. म्हणजे घरातला किंवा घराच्या कारभारातला एखादा पुरुष. पडद्यामागून ती बोलणार, हा ऐकणार, हा वकिलाला सांगणार आणि वकिलाचा सल्ला हाच तिच्यापर्यंत नेणार.

आता तक्रारच या माणसाविरुद्ध असेल तर?

बहुतेक वेळा ती त्याच्याविरुद्धच असायची. इस्टेटीचे उत्पन्न दीर खातो आहे, कारभाऱ्याने कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आहे, मुलगा वारस असूनही त्याच्या जिवाला धोका आहे, अशा त्या तक्रारी. इंजिनीअरिंगला नेटवर्क सिक्युरिटी शिकलेल्यांना यात ‘मॅन इन द मिडल’ हल्ला लगेच ओळखू येईल. दोन टोकांना वाटते आपण एकमेकांशी बोलतो आहोत आणि मधला सगळे वाचतो, हवे ते बदलतोही. इथे तर तो मधला माणूस रूढीनेच नेमून दिलेला होता.

न्यायालयांना याची जाणीव नव्हती असे नाही. पडदानशीन बाईची सही किंवा अंगठा असलेला दस्तऐवज कोणी पुढे केला, तर तिला त्यातला मजकूर समजला होता आणि तिने तो स्वखुशीने केला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी दस्तऐवज पुढे करणाऱ्यावर असते, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने अनेक निकालांतून पक्के केले. तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता का, हेही पाहिले जाई. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम १३२ ने रूढीमुळे लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रियांना कोर्टात जातीने हजर राहण्यातून सूट दिली. पण ही सगळी मलमपट्टी खटला कोर्टात पोहोचल्यानंतरची. मुळात कोर्टात जावे की नाही, हे एकांतात विचारता येईल असा माणूस तिच्याकडे नव्हता.

बंगालात या बायकांचे प्रमाण आणि त्यांच्याभोवतीचा लोभ दोन्ही जास्त होते, याला हिंदू कायद्याचे एक कारण आहे. आपल्याकडे आणि बिहारात मिताक्षरा, तर बंगालात दायभाग पद्धत. दायभागानुसार मुलगा नसलेल्या विधवेला एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा हिस्सा तिच्या हयातीपुरता मिळे. विकण्याचा अधिकार मर्यादित, तिच्या पश्चात मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाणार. म्हणजे जमीनदारी हातात आणि तिच्या मरणाची वाट पाहणारे नातेवाईक त्याच वाड्यात. १६–१७ वर्षांच्या मुलीवर ही वेळ आली की काय होत असेल, याची कल्पना करता येते.

१९०२ मध्ये कॉर्नेलिया यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे मागणी केली, की पडदानशीनांसाठी प्रांतिक न्यायव्यवस्थेत महिला कायदा सल्लागार नेमावी. मधला पुरुष काढून टाकण्याचा हा साधा उपाय होता. बाई वकील जनानखान्यात जाऊन समोर बसू शकते, दार लावून बोलू शकते. मागणी अर्धी मान्य झाली. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये ‘लेडी असिस्टंट’ म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे त्यांचे कार्यक्षेत्र बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम एवढे पसरले. पालखी, होडी, रेल्वे, हत्ती, मिळेल त्या साधनाने त्या वाड्यावाड्यांत पोहोचत. या नोकरीच्या काळात त्यांनी सहाशेहून अधिक स्त्रिया आणि मुलांची प्रकरणे हाताळली. पोटगीची रक्कम वेळेवर मिळवून देणे, बालवारसाला शाळेत घालणे, घरातल्या भांडणात दोन्ही बाजूंना बसवून कोर्टाबाहेर मिटवणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

त्या वकील होत्या की सरकारी अधिकारी?

कोर्ट ऑफ वॉर्ड्स या नावात कोर्ट असले तरी ते न्यायालय नव्हते. मालक अज्ञान किंवा असमर्थ असेल तर त्याची इस्टेट सरकारने ताब्यात घेऊन चालवायची, यासाठीची ती यंत्रणा होती आणि बंगालात हे काम महसूल मंडळाकडे, म्हणजे बोर्ड ऑफ रेव्हेन्यूकडे होते. त्यासाठीचा कायदा १८७९ चा. कोणाला असमर्थ म्हणायचे, याची त्यात यादी आहे आणि ती बारकाईने वाचण्यासारखी आहे. पुरुष मालक वेडा आहे म्हणून इस्टेट घ्यायची तर सक्षम दिवाणी न्यायालयाने तसे ठरवलेले असावे लागे. मालक स्त्री असेल तर तिला आपली मालमत्ता सांभाळता येत नाही, असे कोर्ट ऑफ वॉर्ड्सने स्वतःच जाहीर करणे पुरेसे होते. एकाला न्यायाधीशासमोर सुनावणी, दुसरीला महसूल खात्याचे मत. समानतेच्या दृष्टीने यापेक्षा उघड भेद कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडेल.

कॉर्नेलिया याच यंत्रणेच्या पगारावर होत्या. वाड्यात जाऊन ऐकायचे आणि वर अहवाल द्यायचा, ही त्यांची नोकरी. एखाद्या विधवेची तक्रार दिराविरुद्ध असेल तोपर्यंत काही अडत नव्हते. ती तक्रार सरकारने नेमलेल्या मॅनेजरविरुद्ध असेल, किंवा माझी इस्टेट सरकारने घेऊच नये असे तिचे म्हणणे असेल, तर समोर बसलेली बाई तिची वकील नव्हती, प्रतिपक्षाची अधिकारी होती. अशिलाला हे कळत होते का? ज्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरच्या कोणाशी मन मोकळे केले, तिला सरकारी हुद्दा आणि वकीलपत्र यातला फरक कोण समजावणार होते?

कॉर्नेलिया यांच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायचे कारण नाही. अनेकदा त्यांनी वरिष्ठांशी भांडून या बायकांना हक्काचे मिळवून दिले. आपल्या पदाला नेमका दर्जा आणि अधिकार द्या, यासाठी सरकारदरबारी त्यांची ओढाताण वर्षानुवर्षे चालली. तरी या पदाची रचनाच अशी होती की अशिलाची सगळी सुरक्षितता एका व्यक्तीच्या चांगुलपणावर उभी होती. कायद्याचा आधार तिला नव्हता.

कायद्यात गोपनीयता होती, ती कोणासाठी?

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम १२६ तोवर तीस वर्षे जुने झाले होते. अशिलाने कामाच्या संदर्भात सांगितलेली गोष्ट, दाखवलेला कागद किंवा वकिलाने दिलेला सल्ला अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करायचा नाही, असे ते सांगते. काम संपल्यावरही हे बंधन सुटत नाही. अपवाद दोन. बेकायदा हेतू साधण्यासाठी झालेले बोलणे आणि वकील नेमल्यानंतर त्याच्या नजरेस आलेला गुन्हा किंवा लबाडी. कलम १२७ ने हेच बंधन वकिलाच्या कारकुनावर, नोकरावर आणि दुभाष्यावरही घातले. कलम १२९ नुसार व्यावसायिक कायदा सल्लागाराशी झालेले गोपनीय बोलणे सांगण्याची सक्ती अशिलावरही करता येत नाही.

मेख पहिल्याच ओळीत आहे. कलम १२६ बॅरिस्टर, अ‍ॅटर्नी, प्लीडर आणि वकील या चौघांची नावे घेते. १९०४ मध्ये कॉर्नेलिया यांची नोंद यापैकी कशातच नव्हती, कारण स्त्री म्हणून ती नाकारलेली होती. म्हणजे काटेकोर वाचन केले तर ज्या पुरुष वकिलाशी पडदानशीन बाई बोलू शकत नव्हती त्याच्याशी झालेल्या बोलण्याला कायद्याचे कुलूप आणि जिच्याशी ती खरोखर बोलत होती तिच्यासमोर झालेले बोलणे उघड्यावर. सनदेतील भेदभावाचा तोटा फक्त वकील होऊ पाहणाऱ्या स्त्रीला झाला असे आपण मानतो. तो तिच्या अशिलालाही तेवढाच झाला.

पुस्तकांतून आलेली अशिलांची आयुष्ये

इथे कॉर्नेलिया यांच्याबद्दल थोडे अवघड बोलावे लागते. त्या लेखिकाही होत्या. १९०१ मध्ये ‘लव्ह अँड लाइफ बिहाइंड द पर्दा’ हा कथासंग्रह, १९०८ मध्ये ‘बिटवीन द ट्वायलाइट्स’, १९१७ मध्ये ‘द पर्दानशीन’, १९३४ मध्ये ‘इंडिया कॉलिंग’ हे आत्मचरित्र आणि १९३६ मध्ये ‘इंडिया रिकॉल्ड’. यातली बरीच सामग्री जनानखान्यांत पाहिलेल्या, ऐकलेल्या गोष्टींची आहे. वाचक प्रामुख्याने इंग्लंडमधला. जनानखान्यातील बाई अगतिक, अंधश्रद्धाळू, गूढ, अशा चित्राला तिथे मागणी होती.

या लेखनाने सरकारवर दबाव आला, पदाला पाठिंबा मिळाला, हे खरे. पण ज्यांच्या आयुष्यावर ते लिहिले गेले, त्यांची संमती कोणी आणि कशी घेतली असेल? इंग्रजी न वाचणाऱ्या बाईला आपण पुस्तकात आलो आहोत हे कळण्याचा मार्ग नव्हता. आजच्या वकिलासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत कलम १२६ चे बंधन थेट किंवा आडवाटेनेही मोडू नये, असा स्वतंत्र नियम आहे. समाजमाध्यमांवर ‘माझी एक क्लायंट’ म्हणून किस्से टाकणाऱ्यांनी तो एकदा काढून पाहायला हरकत नाही.

‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते का?

दरम्यान सनदेचा प्रश्न दुसऱ्या स्त्रिया कोर्टात नेत होत्या. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी वकील म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला. कायदा व्यावसायिकांच्या १८७९ च्या कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे, पुरुष असा नाही, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ‘व्यक्ती’मध्ये स्त्री येत नाही, असा निर्णय दिला. पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनाही तेच उत्तर मिळाले. १९१९ मध्ये ब्रिटनने कायदा करून स्त्रियांना वकिलीचे दार उघडले आणि १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलिया यांचे नाव नोंदवून घेतले. तेथील परीक्षा उत्तीर्ण होऊन तेव्हा २२ वर्षे झाली होती. एका हायकोर्टात चालते आणि दुसऱ्यात नाही, हा घोळ १९२३ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (वुमेन) अ‍ॅक्टने संपवला. स्त्री आहे एवढ्याच कारणावरून कोणालाही वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, हा त्याचा गाभा.

कॉर्नेलिया १९२२ मध्ये सरकारी पदावरून निवृत्त झाल्या, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि १९२४ मध्ये कलकत्त्यात स्वतंत्र वकिली करू लागल्या. आता सनद होती, गोपनीयतेचे कुलूप होते, पगार सरकारचा नव्हता. पण वय ५७ होते आणि पुरुषांनी भरलेल्या हायकोर्टात उभे राहून युक्तिवाद करण्याची संधी फारशी मिळत नव्हती. काम बहुतेक लेखी अभिप्राय देण्याचे. त्यांचे काम बेतलेले होते ते दार लावून समोरासमोर बोलण्यावर, आणि या वकिलीत त्याला जागा थोडी होती.

त्यातच १९२७ मध्ये अमेरिकी लेखिका कॅथरिन मेयो यांचे ‘मदर इंडिया’ आले. भारतीय समाजाची, विशेषतः स्त्रियांच्या स्थितीची त्यात केलेली मांडणी साम्राज्याच्या सोयीची होती आणि देशभर संताप उसळला. कॉर्नेलिया यांनी मेयो यांची बाजू घेतली. ब्रिटिश राजवट राहावी असे त्यांचे मत आधीपासून होते, गांधीजींच्या राजकारणाला त्यांचा विरोध होता. सामाजिक सुधारणा आधी, राजकीय हक्क नंतर, अशी त्यांची भूमिका. या सगळ्यामुळे स्त्री चळवळीतल्या मैत्रिणी दुरावल्या आणि पडदानशीनांसाठीच्या त्यांच्या योजनांना मिळणारी साथही आटली. १९२९ मध्ये त्या लंडनला गेल्या ते कायमच्या. गेली काही दशके त्यांचे नाव आपल्याकडे फक्त ‘पहिल्या’ म्हणून उरले, त्याचे एक कारण हेही असावे.

आज हा प्रश्न कुठे आहे?

मोफत कायदेशीर मदत हे आता राज्याचे कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १२ नुसार कोणतीही स्त्री, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते, १५१०० ही हेल्पलाइन आहे. प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाचे मानधन सरकारी तिजोरीतून येते, पण तो सनदधारक वकील असतो आणि स्वतः अशिलाचे वकीलपत्र घेऊन उभा राहतो. त्यामुळे त्याला सांगितलेल्या गोष्टींना कलम १३२ चे पूर्ण संरक्षण आहे. मोफत वकील आहे म्हणून गोपनीयता कमी, असे नाही. ‘सरकारी वकील’ म्हणजे सरकार पक्षाचा वकील वेगळा आणि विधी सेवेचा वकील वेगळा, हा गोंधळ मात्र अनेकांच्या मनात असतो.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्यात मात्र कॉर्नेलिया यांच्या पदाची आठवण करून देणारे एक पद आहे : संरक्षण अधिकारी. तो बाईचे म्हणणे ऐकतो, कौटुंबिक घटना अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांना देतो, त्याची प्रत पोलीस ठाण्याला पाठवतो, मोफत वकील मिळवून देतो. मदत करणे हेच त्याचे काम, पण तो वकील नाही आणि ऐकलेले वर कळवणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे. कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारीतही असेच होते. एचआरमधील किंवा लीगल विभागातील मॅडम कितीही आपुलकीने बोलल्या तरी त्या कंपनीच्या असतात. सर्वोच्च न्यायालयाचा ताजा निकाल वाचल्यावर तक्रारदार महिलेने एवढे जरूर पाहावे, की आपण बोलतो आहोत ती व्यक्ती आपले वकीलपत्र घेतलेली आहे की नाही, आणि खोलीत आणखी कोण बसले आहे.

कागदपत्रांचे काय झाले?

कॉर्नेलिया सोराबजी यांचे ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये निधन झाले. तेव्हा त्या ८७ वर्षांच्या होत्या. लिंकन्स इनमध्ये २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला, १५ नोव्हेंबर २०१७ रोजी गुगलने डूडल केले. पुतणे-भाचे परंपरेतील तत्त्वज्ञ रिचर्ड सोराबजी यांनी २०१० मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. त्यांच्या डायऱ्या, पत्रे आणि कामाचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पडदानशीन स्त्रियांच्या इतिहासावर काम करणारे अभ्यासक आज प्रामुख्याने तेच वाचतात, कारण त्या वाड्यांत दार लावून झालेल्या बोलण्याची दुसरी नोंद फारशी कुठे उरलेली नाही.